दोन गंगा आणि एक सात फुटी वल्हं

खंडेनवमीच्या होड्यांच्या शर्यतीला जायचं मी ठरवलंच नव्हतं. ते काकांनी फोनवर ठरवलं. "औंदा शेवटचा उतरतो पोरी, गुडघे गेले. दादाचं वल्हं घेऊन ये. तेच धरायचंय मला. गंगेवर ये, आठला."

दादा म्हणजे माझे अप्पा. दोघे भाऊ वर्षानुवर्षं एकाच होडीत बसायचे, अप्पा मागे, काका पुढे. अप्पा गेल्यावर काकांनीच त्यांचं वल्हं मला आठवण म्हणून दिलं, आणि मी ते नाशकातल्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर लावलं.

सात फुटी वल्हं लहान गाडीत कसं नेतात, हे कृपा करून मला विचारू नका. डिकीतून आत, दोन सीटांच्या मधून, टोक थेट गिअरवर. दर वेळी गिअर टाकताना माझा नवरा नितीन वल्ह्याला "सरक" म्हणायचा. ते सरकायचं नाही, मग मलाच म्हणायचा.

नाशकात गंगेवर म्हणजे गोदाघाटावर, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. हल्ली सगळेच कार्यक्रम शहरात आणतात, तशी गावची शर्यतही आणली असेल असं मला वाटलं. पार्किंग शोधण्यात अर्धा तास गेला. वल्हं खांद्यावर घेऊन घाटावर पोचले तर एका गुरुजींनी नम्रपणे विचारलं, "ताई, विधी कोणता करायचाय?" होडी एकही नव्हती.

तेवढ्यात काकांचा फोन. "गंगेवर हाय का?"

"गंगेवरच आहे, काका!"

"मंग दिसंना कशी? आम्ही समदे हितंच हाय की."

"तुम्ही कुठल्या गंगेवर आहात?"

"आपल्या! गावाच्या!"

अप्पासुद्धा गावाशेजारच्या धरणाच्या फुगवट्याला कायम गंगाच म्हणायचे. हे मला आठवलं, पण घाटावर, पार्किंगचे पैसे देऊन झाल्यावर. नितीन वल्हं खांद्यावर टाकून शीळ घालत पार्किंगकडे निघाला. त्याचा जास्त राग आला.

तुम्ही जाणार असाल तर ऐका. गंगापूर रोडनं सरळ गिरणारे गाव गाठा, तिथेच मिसळ खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. गिरणाऱ्यानंतर रस्ता आहे असं म्हणतात, आम्हाला फक्त खड्डे दिसले. गाडी शेतात लावावी लागते आणि चपला चिखलात जातात, तेव्हा नवीन घालू नका.

पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि शर्यत सुरूच झाली नव्हती. काठावर सगळी वल्ही ओळीनं मांडलेली, हळद-कुंकू, झेंडू वाहिलेला. मधे एक जागा रिकामी. त्या दिवशी सगळ्या वल्ह्यांची पूजा एकदमच होते आणि त्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. म्हणजे सगळं गाव अडीच तास माझ्यासाठी खोळंबलं होतं. गंगेची ओटी भरायला आलेली एक आजी मोठ्यानं म्हणाली, "आली गं बया, गंगेवरून गंगेवर!" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी वल्हं हातात घेतलं. "लय चकचकीत केलंस गं."

"पॉलिश केलंय," मी अभिमानानं सांगितलं. "दांड्याला दोन खड्डे पडले होते, तेही सुताराकडून लांबी-पुट्टी भरून बुजवून घेतले."

"कुठं?"

मी दाखवलं. काकांनी त्या दोन जागांवर हात ठेवले.

"ते खड्डे नव्हते पोरी. दादा तिथं धरायचा."

सकाळपासून मी नवऱ्यावर, रस्त्यावर, पार्किंगवर चिडत होते. आता चिडायला माझ्याशिवाय कुणीच उरलं नाही. रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

काका चिखलात बसले आणि चाकूनं लांबी खरवडायला लागले. दुसरी जागा मी खरवडली. लांबीचे टवके निघाले, खाली जुनं, काळपट, गुळगुळीत लाकूड दिसायला लागलं. गाव पुन्हा खोळंबलं. या वेळी कुणी हसलं नाही.

मग ओळ पूर्ण झाली, पूजा झाली, आणि काका होडीत मागे बसले, अप्पांच्या जागी. सहा होड्यांत त्यांचा चौथा नंबर आला. "वारा आडवा व्हता," ते बाहेर येताच म्हणाले, आणि गोडीशेवेची पुडी माझ्या हातात कोंबली. निघताना वल्हंही परत दिलं. "भिंतीला नको लावू. हाताशी ठेव."

म्हणून ते आता दाराजवळच्या कोपऱ्यात उभं असतं आणि येता-जाता सगळ्यांना लागतं. "निघालेलं पॉलिश परत करून घ्यायचं का?" असं नितीननं विचारलं, त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तो झोपल्यावर मी वल्हं हातात घेतलं आणि दोन्ही खळग्यांत हात ठेवले. अप्पांचा पंजा मोठा होता. माझी बोटं तिथे सैल बसली.