कातडी आपली आपण सुटते

ते दिवस आठवले की आधी न्हाणीतला धूर आठवतो. चुलवणावर पाणी तापायचं, ओल्या लाकडांचा धूर वळचणीखाली तरंगत राहायचा आणि त्या धुरात सासूबाईंच्या लांब केलेल्या पायांवर माझा मुलगा पालथा पडलेला असायचा. तेलाने चकाकणारी त्याची पाठ मी दारातून बघायची. सगळं पाण्याच्या तळाशी असल्यासारखं वाटायचं. आवाजसुद्धा लांबून यायचे.

न्हावऱ्याच्या पुढे माळावर आमची वस्ती. मेंढरं घेऊन हिंडणं आमच्या घरातून तेव्हा नुकतंच सुटलं होतं. विहिरीच्या पाण्यावर ऊस उभा होता, तरी सासऱ्यांनी थोडी मेंढरं राखली होती. त्यांच्या अंगाचा वास नाकाशी नसला की सासऱ्यांना झोप लागत नसे. माझे मालक पाटसच्या कारखान्यावर सीझनला असायचे, मधूनच घरी यायचे.

मुलाला दुसरं वर्ष लागलं होतं. शू करताना त्याची पुढची कातडी आधी फुगायची, मग बारीक धार सुटायची. सासूबाई त्याला आंघोळ घालायला बसल्या की तेलाच्या बोटांनी ती कातडी मागे सारायच्या. तो किंचाळायचा.

“रोज सारावी लागती,” त्या म्हणायच्या. “तुझ्या नवऱ्याची मीच सारली. न्हाईतर बुजती.”

मी टॉवेल धरून उभी राहायची. एके सकाळी त्या टॉवेलवर रक्ताचा पुसट डाग दिसला. त्या दिवसापासून मुलगा शू करायलाच भिऊ लागला. माझे गुडघे धरून उभा राहायचा, पोट घट्ट करायचा, डोळ्यांत पाणी आणायचा आणि धरून ठेवायचा. ऊन अंगणातून भिंतीवर चढायचं, तरी तो तसाच. त्याचं पोट हाताला टणक लागायचं. मला स्वप्नात कोरडी विहीर दिसायची आणि तळातून तो मला हाक मारायचा.

एकदा मेंढरांच्या वाड्याच्या काटेरी कुपाटीपाशी तो असाच रडत उभा होता. सासरे आतून मेंढरं मोजत होते, ते थांबले. जवळ आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले.

“तुंबलंय,” ते सासूबाईंना म्हणाले. “एडक्याचं असंच हुतं. तोंड बुजतं, मूत आत साठतं आन् दोन दिसांत जनावर आडवं. हातानं मोकळं केलं तरच जगतं. अशी किती एडकी वाचवल्यात मी. उद्या सकाळी मी करतो. एकदाच वरडंल, मग सुटंल.”

ते निर्दयी नव्हते. नातवाला खांद्यावर घेऊन माळ दाखवायचे. वाचवायचंच त्यांच्या मनात होतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

मी तोपर्यंत सासऱ्यांशी बोलले नव्हते. तशी रीतच नव्हती. काही सांगायचं तर सासूबाईंना सांगायचं, नाहीतर भिंतीकडे बघून बोलायचं. त्या सकाळी ते हात धुऊन, तेलाची वाटी घेऊन ओट्यावर बसले. मुलगा माझ्या कडेवर होता. मी त्याच्यावर पदर ओढला. माझा आवाज कुणा दुसऱ्या बाईचा असावा तसा मलाच ऐकू आला.

“मामंजी, आधी शिरूरला दवाखान्यात नेऊ. मग तुम्ही म्हणाल तसं.”

सासूबाईंच्या हातातली चूल पेटवायची काडी खाली पडली. सासऱ्यांनी वाटी बाजूला ठेवली.

“सूनबाईला तोंड हाय तर,” ते म्हणाले. “चला.”

एसटीत ते माझ्या पुढच्या सीटवर बसले. डोक्याला पटका, मांडीवर घोंगडी. खिडकीतून ज्वारीची रानं वाहत होती. मुलगा माझ्या छातीवर झोपला आणि झोपेतच त्याने माझं लुगडं भिजवलं. ती ऊब अंगावर पसरली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी मुलाला फक्त बघितलं, कातडी ओढली नाही. सासऱ्यांनी एडक्यांची सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरांनी मध्ये न बोलता ऐकून घेतली.

“आबा, ते मोठ्या एडक्याचं झालं. कोकराचं कसं असतं?”

“कोकराचं तर चिकटलेलंच असतं.”

“मग तुम्ही सोडवता?”

“कोकराला कोन हात लावतंय. मोठं झालं की त्याचं ते सुटतं…” सासरे बोलता बोलता थांबले. पटका काढून त्यांनी डोकं खाजवलं. मग हळूच हसायला लागले. “आयला. आन् हितं मी तेलाची वाटी घिऊन बसलो व्हतो.”

“हे कोकरूच आहे,” डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी सावकाश सांगितलं. लहान मुलांची कातडी चिकटलेलीच असते. कुणाची लवकर सुटते, कुणाची मिसरूड फुटायच्या सुमारास. शू करताना थोडी फुगली तरी चालतं. वरून पाण्याने धुवायचं, मागे ओढायचं नाही, ओढल्याने जखम होते आणि मग खरंच आवळते. ताप आला, सूज आली, शू अडली किंवा कातडी मागे जाऊन तिथेच अडकली, तर लगेच यायचं. जखमेला त्यांनी मलम दिलं.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मग आमी केलं ते समदं चुकलंच म्हना.”

“तुझी पोरं जगली ती त्यांच्या नशिबानं,” सासरे म्हणाले. “आता त्याला हात लावू नगं.”

दुसऱ्या दिवसापासून मुलाला मी न्हाऊ घालू लागले. सासूबाई थोडे दिवस फुगून बसल्या, मग पाणी विसणून देऊ लागल्या. मुलाची भीती मात्र जखमेपेक्षा उशिरा गेली. माझा हात जवळ आला की तो पाय आवळायचा. मी नुसतं पाणी सोडायची, वरून, कोमट, आणि हात लांब ठेवायची. हळूहळू त्याचे पाय सैल पडू लागले. मग एका दुपारी तो आपला आपण अंगणाच्या कडेला गेला आणि मातीत ओल्या रेघा काढत हसत उभा राहिला.

पुढे तो शाळेत जायला लागला, उंच झाला. एक दिवस न्हाणीला लावलेलं पोतं त्याने आतून ओढून घेतलं आणि म्हणाला, “आई, तू बाहेर थांब.” मी थांबले. आत पाणी पडत होतं, तो काहीतरी गुणगुणत होता. ती कातडी कधी सुटली ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.