परत न घेतलेली चाल

कंग्राळीत आमच्या देवळाच्या कट्ट्यावर बुद्धिबळाचे दोन नियम होते. पांढरी मोहरी वयानं मोठ्या माणसाची, आणि बाईमाणूस चुकलं की चाल परत. कट्ट्यावर खेळणारं बाईमाणूस म्हणजे मी एकटीच, त्यामुळे दुसरा नियम खास माझ्यासाठी. त्यात सगळ्यांत उदार माझे आप्पाच. त्या उदारपणाची मला भारी चीड.

कायम काळी मोहरी वाट्याला येतात म्हणून मी काळ्याचाच अभ्यास धरला. बेळगावात ऑफिसला जाता-येता बसमध्ये मोबाइलवर एक गँबिट घोटलं. दुसऱ्याच चालीला राजापुढचं प्यादं देऊन टाकायचं आणि थेट अंगावर जायचं. आप्पांना दाखवलं तर म्हणाले, "शेतकऱ्याची पोर तू, प्यादी वाटत सुटलीस व्हय?"

शहापूरच्या स्पर्धेला गावातून चौघं जाणार होती. तिघं ठरली. चौथ्या जागेसाठी मी आणि एक निवृत्त मास्तर, एकच डाव. पांढरी मोहरी अर्थातच मास्तरांची.

मी प्यादं पुढे केलं. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "चुकलीस गं. परत घे."

"न्हाय मास्तर, ऱ्हाऊ दे."

त्यांनी ते मारलं. मी घोडा पुढे काढला, उंटानं शह दिला. तो अडवायला त्यांनी स्वतःचा घोडा मध्ये घातला आणि त्यांचा राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडला गेला. मी वजीर त्यांच्या राजाच्या उभ्या रांगेत आणला. मग त्यांनी कडेच्या प्याद्यानं माझ्या उंटाला डिवचलं. मी उंट हलवलाच नाही, घोड्यानं मधलं प्यादं मारलं.

"उंट मरतोय, पोरी," मास्तर कळवळून म्हणाले. "चाल परत घे."

मागे उभे असलेले आप्पा म्हणाले, "घे गं, मास्तर देत्यात तर."

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं.

मास्तरांनी उंट मारला. माझा घोडा उडी घेऊन त्यांच्या राजाजवळ बसला. राजाला हलायला घर नव्हतं. घोड्याला मारू शकणारं एकच प्यादं होतं, आणि ते हललं असतं तर माझा वजीर थेट राजावर होता. मात.

मास्तरांचा हात हळूच कडेच्या प्याद्याकडे गेला. "ही एक चाल जरा..."

आप्पांनी मागून हात लांब करून पटावर ठेवला. "मास्तर, चाल परत न्हाय."

शहापूरला मी सगळे डाव हरून आले. पण त्या दिवसापासून कट्ट्यावर मला कुणी चाल परत दिलेली नाही, आणि हे मी अजून मान ताठ करून सांगते.