फोनवर मीच होतो

मंडळी, गेल्या महिन्यात माझ्या मानेतल्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालं आणि लगेच स्ट्रोक आला. आता सगळं कळतं, हळूहळू टाइपही करता येतं, पण बोलताना शब्द चटकन बाहेर येत नाहीत.

सीवूड्सच्या घरी मी एकटाच असतो. आज दुपारी कळंबोलीच्या जुन्या मित्राचा, दत्ताचा फोन आला. त्याला यातलं काहीच माहीत नाही.

"काय रे, कुठे गायब? हॅलो? ऐकतोयस ना?"

मी तोंड उघडलं, पण नुसता श्वास बाहेर पडला.

"च्यायला, नेटवर्कच नाय," म्हणत त्याने फोन ठेवला.

थोड्या वेळाने रिकाम्या खोलीत मी स्पष्ट म्हणालो, "दत्ता."

फोनवर कुणी गप्प राहिलं, तर तुम्ही जरा थांबाल का?