चार इंच उंच जीप आणि अण्णांचा मणका

रविवारी सकाळी सहाला गंगापूर रोडवरून निघालो, तेव्हा माझी जीप चार इंच उंच झालेली होती आणि मीही साधारण तेवढाच. महिनाभर गॅरेजच्या चकरा मारून तिला नव्या, कडक स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर बसवले होते. आमच्या भागात अशा जीपा पुष्कळ. डोंगरासाठी उंच केलेल्या या गाड्या एरवी मॉलच्या तळघरात उतरतात आणि फार तर कॉलेजसमोरचा गतिरोधक जिंकतात. मी मात्र खरोखर डोंगरात निघालो होतो, तेही वडिलांना घेऊन.

अण्णा नाशिक रोडला राहतात. तिथल्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले, मग मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. त्यांचे प्रेसमधले जिवलग देवरामकाका सुरगाण्याकडच्या आपल्या पाड्यावर (वस्तीवर) परतले, तेव्हापासून दोघांची भेट नाही. "नव्या सस्पेन्शनवर पोटातलं पाणी हलणार नाही," असं सांगून मी अण्णांना तयार केलं होतं.

पहिली अडचण फाटकातच आली. अण्णांचा पाय जीपपर्यंत पोचेना. आईने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं.

"चढायला स्टूल लागतं, ही कसली रे सुधारणा?" ती म्हणाली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

दिंडोरीपर्यंत रस्ता गुळगुळीत, त्यामुळे मी स्प्रिंगांवर व्याख्यान देऊ शकलो. वणीला मिसळ खाल्ली. पुढे रस्ता उखडलेला लागला आणि व्याख्यान आपोआप बंद पडलं. कडक स्प्रिंगा दबायलाच तयार नव्हत्या. प्रत्येक खडा त्या थेट सीटपर्यंत पोचवत होत्या. वळणावर उंच गाडी बाहेरच्या अंगाला कलायची, आणि वळण संपलं तरी स्टिअरिंग सरळ व्हायचं नाव घेईना. दोन्ही हातांनी ओढून आणावं लागे.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही," अण्णा डोळे मिटून म्हणाले. मला भयंकर लाज वाटली, पण चूक कबूल करायला जीभ उचलेना.

बोरगावला त्यांनीच थांबायला लावलं. "मला इथे बसव. तू एकटा जा आणि देवरामला सांग, अण्णा इथवर आला होता."

शेजारीच सुरगाण्याची वडाप जीप (माणसं भरून चालणारी) उभी होती. ड्रायव्हर हिरामण टपावर गाठोडी बांधत होता. तो उतरून माझ्या जीपखाली वाकला.

"सायेब, ह्या स्प्रिंगा लोडच्या हायेत. रिकामी गाडी नाचनारच."

"मग तुमची?"

"मीबी स्प्रिंगेला एक पाटा जादा घातलाय. पन मी रिकामी चालवतच नाय. बारा मानसं बसली का पाटा दबतो, मंग लोन्यावानी जाते."

अण्णांनी डोळे उघडले. "मधे जागा आहे का हो?"

"या बाबा," म्हणत टोपली घेतलेली एक बाई सरकली.

"अण्णा, कोंबून नेतात हो!" मी म्हणालो.

"कोंबलेलं माणूस हलत नाही," अण्णा म्हणाले आणि स्टुलाशिवाय चढले.

पुढे ती जीप सरळ चालली होती आणि मागे मी एकटा, टप्पे खात. टोपलीवाल्या बाईच्या खांद्याला टेकून अण्णा गप्पा मारत होते.

पाड्यावर नागलीची (नाचणीची) भाकरी आणि खुरासणीची चटणी होती. दोघे म्हातारे तीन तास ओट्यावर बसले. ऑपरेशननंतर अण्णांना इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. फार आनंद झाला. आणि तो माझ्या गाडीने आणला नाही, हे बोचलंही.

परतताना हिरामण वणीची माणसं घेऊन निघाला, तेव्हा वणीपर्यंत अण्णा त्याच्याकडेच बसले. पुढच्या चांगल्या रस्त्यावर माझ्यावर मेहरबानी झाली. मला डोंगर जिंकायचा होता, त्यांना फक्त मित्राच्या ओट्यापर्यंत पोचायचं होतं. गाडी नेमकी कशासाठी हवी, हे मला महिनाभर गॅरेजमध्ये कुणी विचारलं नव्हतं. मीही अण्णांना विचारलं नव्हतं.

सोमवारी जुन्या स्प्रिंगा परत बसवायला जीप गॅरेजला टाकली आणि ही खूशखबर द्यायला अण्णांना फोन केला.

"सावकाश होऊ दे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारचं हिरामणशी बोललोय मी. तुला यायचं असेल तर आत्ताच सांग, तुझीही जागा धरायला सांगतो."