ज्याची थैली, त्याचा हात

बसमध्ये चढले की ते आधी टोपी नीट करायचे आणि मग दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. नाक्यावरच्या पोलिसाचे हात पाठीमागे बांधलेले तुम्ही कधी पाहिलेत? आम्ही रोज पाहायचो. तसेच वाकून ते पहिल्या सीटवरच्या माणसाला म्हणायचे, "थैली तुमचीच ना जी? मंग तुमीच उघडा. मी फक्त पायतो."

मी एस.टी.त वाहक आहे. बरीच वर्षं चंद्रपूर-गडचिरोली मार्गावर आहे. मूल, सावली मागे पडली की वैनगंगेचा पूल येतो आणि पूल ओलांडला की नाका. पुलाच्या अलीकडे दारूची दुकानं उघडी आहेत, पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी. अलीकडे जी बाटली बिलासकट मिळते, तीच पलीकडे गुन्हा होते. म्हणून गाडी थांबते आणि तपासणी होते. कायदा आहे, तपासावं. त्याबद्दल माझं भांडण नाही.

माझं भांडण होतं ते तपासण्याच्या तऱ्हेशी. कुणी शिपाई चढायचा आणि बाईमाणसाच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालायचा. लुगडी बाहेर, डब्याचं झाकण उघडं, आणि ज्याची पिशवी तो माणूस चोरासारखा खाली मान घालून बसलेला. मी दोनदा तोंड सोडलं तर ऐकून घ्यावं लागलं, "बाई, तुमी तिकिटं फाडा." तिकिटं आता मशीनमधून निघतात, फाडावी लागत नाहीत, हेसुद्धा त्या बाबाला ठाऊक नव्हतं.

मग हे हवालदार नाक्यावर आले. उंच, काळेसावळे, मिशी पांढरी व्हायला लागलेली. आमच्या ड्रायव्हरला "जय भीम" घालायचे, ड्रायव्हर "राम राम" म्हणायचा, आणि दोघांचंही समाधान व्हायचं. छातीवरची नावाची पट्टी घासून लख्ख ठेवलेली. कुणी घाबरून बोलेनासा झाला तर त्या पट्टीवर बोट ठेवून म्हणायचे, "हे माहं नाव. वाचून घ्या. काई चुकलं तं ह्या नावानं तक्रार करा." ते नाव मी इथं लिहीत नाही. नावसुद्धा माणसाच्या मालकीचं असतं, आणि विचारायची सोय आता राहिली नाही.

एकदा मी विचारलं होतं, "भाऊ, तुमी कुनाच्या थैलीले हात काऊन लावत नाई?" मला वाटलं, काही मोठं सांगतील. ते म्हणाले, "माहा हात आत गेला आन् बाटली निघाली, तं थो म्हणन पोलिसानंच टाकली. कायले कटकट? ज्याची थैली, त्याचा हात." माझा त्यावर अर्धाच विश्वास बसला. कटकट टाळणारा माणूस पायाशी ठेवलेली पिशवी ओलांडताना "माफ करा" म्हणत नाही.

एक म्हातारी लेकीकडे निघाली होती. तिच्या पिशवीतून रमची भरलेली बाटली निघाली. हवालदार म्हणाले, "माय, झाकण खोल." म्हातारी भडकली. "जवसाचं तेल होय रे बाबू! बाटल्या काय तेलासाठी वेगळ्या भेटते? घे, वास घे. टाळूवर लाव, तुहं डोस्कं गरम झालेलं दिसते." त्यांनी खरंच टोपी काढली आणि डोकं पुढं केलं. म्हातारीनं तळव्यावर तेल घेऊन ते त्यांच्या टाळूवर थापलं. त्या दिवशी कपाळावर तेलाचा ओघळ घेऊन त्यांनी उरलेली गाडी तपासली, आणि हसायची हिंमत फक्त म्हातारीनं केली.

तपासणी झाली की इतर शिपाई गाडीच्या पत्र्यावर थाप मारतात, "चल, जाऊ दे." हे खाली उतरून माझ्याकडं पाहत म्हणायचे, "गाडी तुमची, बाई." मग मी घंटी मारायची. हे त्यांनी एकदाही चुकवलं नाही. वाहकाला कुणी गाडीची मालकीण म्हणत नाही हो. मला ते फार आवडायचं.

आता त्या दिवसाचं सांगते. गाडी खच्चून भरली होती. सावलीला एक मुलगी चढली. छातीशी फाईल धरलेली, खांद्याला छोटी बॅग. नर्स म्हणून तिची निवड झाली होती आणि कागद दाखवायला ती गडचिरोलीला निघाली होती. हे मी न विचारताच तिनं मला सांगितलं, कारण आनंद पोटात मावत नव्हता. "आता पोलिसाकडून चारित्र्याचा दाखला आला का झालं, मॅडम," म्हणाली.

आमच्या गाडीतला एक रिवाज तुम्हालाही माहीत असेल. उभ्या माणसानं आपली थैली बसलेल्याच्या मांडीवर द्यायची, "धरजो जराक" म्हणायचं, आणि बसलेल्यानं ती धरायची. नाही म्हणणं म्हणजे माणुसकी सोडणं. धरणारा थैली बघतो, देणाऱ्याचं तोंड कुणी बघत नाही. त्या मुलीच्या मांडीवरही एक थैली आली होती.

नाक्यावर त्या दिवशी हवालदारांच्या आधी एक नवे साहेब चढले. तरुण, घाईतले. त्यांनी मुलीच्या मांडीवरच्या थैलीची चेन स्वतःच ओढली. आत टॉवेलात गुंडाळलेल्या दारूच्या बाटल्या.

"कोणाची?"

"माही नाई साहेब. धराले देल्ली कुनीतरी."

"कुणी?"

तिनं वळून पाहिलं. मागं सगळी उभी माणसं, सगळ्यांची तोंडं सारखी कोरी. ती एकेकाकडं बघत राहिली. मी कोपऱ्यातून पाहत होते. तिच्या फाईलवरचा हात पांढरा पडला होता. दारूच्या गुन्ह्यात नाव चढलं की चारित्र्याचा दाखला गेला, आणि दाखला गेला की नोकरी गेली. हे तिला कळत होतं, मला कळत होतं, आणि ज्यानं थैली दिली त्यालाही कळत असणार.

"उतर खाली. चौकीत बोलू," साहेब म्हणाले आणि तिची बॅग ओढायला हात पुढं केला.

हवालदार दारात उभे होते. ते बाजूला झाले नाहीत. आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, बाईमाणसाची झडती बाईमाणूसच घेते. आज आपल्याकडं महिला शिपाई नाई. बोलवू, थे येतवरी पोरगी इथीच बसन. आन् तवरी मले एक काम करू द्या."

साहेबांचा चेहरा लाल झाला. सगळ्या गाडीसमोर हवालदारानं अडवलं होतं. पण कायदा हवालदाराच्या बाजूनं होता, आणि गाडीभर माणसं ऐकत होती.

हवालदार आत आले. हात तसेच पाठीमागे. "ऐका जी सगळे. आपापल्या थैलीवर आपापला हात ठेवा. ज्याची थैली, त्याचा हात. दुसऱ्याची धरली असन तं हात काढा."

गाडीत चुळबूळ झाली. पिशव्या, बॅगा, बोचकी, एक कोंबडीची टोपलीसुद्धा. सगळ्यांवर हात आले. मुलीनं एक हात फाईलवर ठेवला, एक आपल्या बॅगेवर. मांडीवरची ती थैली तेवढी हाताविना राहिली.

मागच्या दाराशी चौकड्याच्या सदऱ्यातला एकजण वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभा होता. मला एकदम आठवलं. "भाऊ," मी मोठ्यानं म्हटलं, "ह्यायच्या हातात चढताना थैली होती. वर ठेवा म्हटलं तं म्हणे, वर नको, पडन."

हवालदार त्याच्याजवळ गेले आणि नेहमीच्याच सुरात विचारलं, "तुमची कोणती जी?"

तो गडबडला. समोरच्या सीटखालच्या निळ्या पिशवीकडं बोट दाखवून म्हणाला, "थे."

पिशवीवर आधीच हात ठेवून बसलेली बाई ताडकन उठली. "खबरदार हात लावशीन तं! माहे पापड होय त्यात. माह्या पापडाचा तू कोन मालक?"

गाडी हसली. तो हसला नाही. खाली उतरताना त्यानं मुलीकडं पाहिलंसुद्धा नाही. साहेब त्याच्या मागं उतरले, आणि हवालदारांनी स्वतः हात न लावता मुलीला सांगितलं, "पोरी, थे थैली आता खाली ठेव. तुही नोकरी जपून ने." मुलगी तेव्हा रडली, आधी नव्हती रडली. माझेही डोळे भरले होते. मग खालून आवाज आला, "गाडी तुमची, बाई."

त्यानंतर फार दिवस ते नाक्यावर राहिले नाहीत. भामरागडकडच्या एका दूरच्या चौकीवर बदली झाली. निवृत्ती जवळ आलेल्या माणसाला आत जंगलात. मी रागानं विचारलं, "हे त्या दिवसाचंच ना, भाऊ?" ते म्हणाले, "बदली बदली असते बाई. तिथीबी गाड्या थांबते. तिथीबी लोकायच्या थैल्या असते." राग येऊ देत नसत ते, याचाच मला राग यायचा.

मध्ये बराच काळ गेला. गेल्या पावसाळ्यानंतर ती मुलगी गाडीत चढली. आता ती मुलगी राहिली नव्हती, आतल्या भागातल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि सुट्टीवर माहेरी जाऊन परत निघाली होती. सावली सुटल्यावर गाडीत गर्दी कमी होती. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, थे हवालदार भाऊ गेले."

मी मशीन मांडीवर ठेवलं.

त्यांना चौकीवरून तिच्याच दवाखान्यात आणलं होतं. मेंदूत चढलेला मलेरिया. तिनं पट्टीवरचं नाव वाचायच्या आधीच ओळखलं. ते शुद्धीत यायचे आणि जायचे. रस्त्यावर पाणी होतं, गडचिरोलीला न्यायची गाडी निघायला वेळ होता, आणि घरी कळवायला त्यांचा मोबाईल हवा होता. तो त्यांच्या थैलीत होता. थैली खाटेखाली.

"डॉक्टर म्हणे, खोल लवकर," ती सांगत होती. "मी चेनीले हात लावला, मॅडम, आन् माहा हात पुढंच जाईना. मी त्यायच्या कानाशी गेली. म्हटलं, भाऊ, तुमची थैली हाय, तुमीच उघडा. डोळे थोडेसे उघडले त्यायनं. हात उचलेना. मंग मी त्यायचा हात धरला. तापानं जळत होता. चेनीवर ठेवला, आन् आमी दोघायनं मिळून थैली उघडली."

"ओळखलं तुले?"

"माहीत नाई," ती म्हणाली. "पर हात सोडला नाई."

गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच वाटेत ते गेले. बायको आणि लेक नंतर पोचले. थैलीत आणखी काय होतं, मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

पूल आला. नाक्यावर गाडी थांबली आणि एक तरुण शिपाई चढला. सवयीनं त्यानं तिच्या बॅगेकडं हात नेला. तिनं बॅगेवर आपला हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "थांबा भाऊ. माही थैली हाय, मीच उघडते. तुमी पाहा." शिपाई जरा गोंधळला, पण हात मागं घेतला. मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं न सांगताच आपली पिशवी उघडून पुढं धरली. त्याच्या मागच्या बाईनंही.

शिपाई खाली उतरला. मी घंटीच्या दोरीला हात लावून थांबले. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं, "काय झालं, बाई?" त्याला काय सांगणार, मी कशाची वाट बघतेय ते. खालून कुणीच काही बोललं नाही. शिपायानं पत्र्यावर थाप मारली, आणि मी घंटी मारली.