शुक्रवारचं पीठ

दर शुक्रवारी संध्याकाळी शांताबाई नवऱ्याचा सदरा झटकायची आणि कॉलरीतून पीठ पडायचं. चौदा वर्षं हे चाललं होतं. तिनं कधी विचारलं नाही. पुरुषाच्या मानेवर पीठ येतं म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी चुलीशी त्याच्यासाठी भाकरी थापली जाते, एवढं तिला न विचारता कळत होतं.

रामदास पलटणीत होता. शांतिसेनेबरोबर लंकेत गेला, नव्वद साली परतला, पेन्शन घेऊन भिवंडीत लूमवर लागला. कामाला चोख. धागा तुटला की दुसऱ्याचं लक्ष जायच्या आत याचा हात पोचलेला. खोली कारखान्याच्या भिंतीला चिकटून, रात्रंदिवस खडखडाट. शेजारी भाडेकरू दोन महिन्यांत पळायचे. रामदास भिंतीकडे कान करून झोपायचा. शुक्रवारी लाइट बंद, लूम बंद. त्या दिवशी तो पहाटेच उठायचा. "शेलारला काम हाय," म्हणायचा आणि जवळच्या त्या गावाला निघायचा.

दोन हजार चार साली शांताबाईच्या भावाची मुलगी धम्मदिना कॉलेजचा हँडीकॅम घेऊन आली.

"आत्या, मामांवर फिल्म करायचीय. दहाच मिनिटांची. लढाई संपल्यावर माणसाच्या आत काय उरतं, त्यावर."

"यांच्या आत काय उरलंय, ते तुला कोणी सांगितलं?"

"सरांनी विषय दिलाय."

"मग सरांच्याच घरात जाऊन बघ."

पोरगी हटली नाही. तिनं स्टँड मांडला. पाय नीट फाकवले नव्हते, कॅमेरा कलला. शांताबाई लूमसाठी सुताच्या कांड्या भरता भरता बघत होती. "तीन पायांचा स्टँड उभा करता येईना, आणि माणूस उभा करणार म्हणे!"

चार दिवस रामदास समोर बसला. 'हो' आणि 'नाही' याखेरीज काही बोलला नाही, आणि तेवढंही लूमच्या आवाजात बुडालं.

"मामा, शुक्रवारी शांत असतं. तेव्हा बसू," धम्मदिना म्हणाली.

"शुक्रवारी मी नसतो."

"कुठं असता?"

रामदास उठला आणि ड्युटीवर गेला. धम्मदिनानं आत्याकडे पाहिलं. शांताबाईनं हातातली कांडी खाली ठेवली. चौदा वर्षं झाकलेली गोष्ट ही पोरगी उद्या पडद्यावर लावणार, सगळं गणगोत बघणार. त्यापेक्षा आपण आधी जाऊन बघावं.

"मी येते शेलारला. पण मी सांगेपर्यंत ते डबडं उघडायचं न्हाय."

शुक्रवारी दोघी रिक्षानं शेलारला उतरल्या. पानाच्या टपरीवर विचारलं.

"फौजी व्हय? ठकुबाईकडं असंल."

ठकुबाई! शांताबाईनं पदर कमरेला खोचला.

ठकुबाईकडे लाइट नसली तरी डिझेल इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी होती. इंजिनाची घरघर छातीत बसत होती. दारात सत्तरी उलटलेली, एका डोळ्यानं अधू म्हातारी धान्य जोखत होती. आत रामदास दळण ओतत होता. भुवया पांढऱ्या, मान पांढरी.

"तू याची बायको काय?" म्हातारी ओरडली. "इतकी वर्सं येतंय. राबतंय, पण चा बी घेत न्हाय, बोलत बी न्हाय. मी तर मुका समजलेली!"

शांताबाईनं तरीही गिरणीच्या मागं जाऊन पाहिलं. मागं कोंड्याची पोती होती.

ती परत आली तर धम्मदिना म्हातारीच्या कानाशी वाकली होती. "आजी, दोन मिनिटं इंजिन बंद करा ना. मामांचा आवाज घ्यायचाय."

ठकुबाईचा हात इंजिनाकडे गेला. रामदासच्या हातातला डबा खाली पडला. इंजिन अजून चालू होतं, तरी त्यानं दोन्ही कान दाबून धरले होते.

शांताबाईनं म्हातारीचं मनगट पकडलं. "चालू ऱ्हाऊ दे."

मग ती त्याच्याजवळ गेली. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिनं विचारलं, "काय होतंय तुमाला?"

रामदासनं तिच्या कानाला तोंड लावलं. लंकेत भाताच्या शेतात त्याच्याच पलटणीतला, अंबाडी गावचा पंढरी गोळी लागून पडला होता. जागचं हलायचं नाही, असा हुकूम होता. सांजेपासून उजाडेपर्यंत तो रामदासच्या नावानं हाक मारत होता, पाणी मागत होता. उजाडल्यावर हाक थांबली.

"आवाज बंद झाला की पंढरी परत हाका मारतो," तो म्हणाला. "घरघर असली की ऐकू येत न्हाय."

शांताबाईनं मान वळवली. दारात धम्मदिना कॅमेरा धरून उभी होती आणि कॅमेऱ्यावर लाल दिवा पेटलेला होता.

रिक्षात शांताबाईनं हेडफोन हिसकून कानाला लावला. "लाव." चित्रात नवऱ्याचं तोंड बायकोच्या कानाशी, आणि आवाज फक्त इंजिनाचा. "परत लाव." तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. एक शब्दही नव्हता. मग तिनं हेडफोन काढला.

"ठेव हे. दाखव कोणाला दाखवायचं ते."

"आत्या, मामा काय म्हणाले?"

"गिरणीचा दगड गुळगुळीत झालाय, टाकी लावायला झालीय म्हणाले."

पुढच्या शुक्रवारी तिनं पाच किलो तांदूळ डोक्यावर घेतले आणि रामदासच्या मागोमाग शेलारची वाट धरली. गल्लीतल्या गिरणीत शनिवारी दळून मिळालं असतं. रामदासनं दळण ओतलं. तिनं पीठ चिमटीत चोळून बघितलं आणि इंजिनाच्या वरताण ओरडली, "जाड आलंय! परत घाला!"

त्यानं परत घातलं.