खंडूबाच्या गळ्यात स्टेथोस्कोप

आमच्या घरात औषधांपेक्षा किस्से जास्त साठलेत. औषधाला एक्स्पायरी डेट असते, गोणीत भरून फेकता तरी येतं. किस्स्याचं तसं नाही. तो जुना झाला की वडीलधारी मंडळी त्याच्यात भर घालून परत फळीवर ठेवतात!

घरात पाच डॉक्टर. आजोबा म्हणजे अण्णा, पप्पा, आई, दातांचे डॉक्टर असलेले काका आणि काकांची मुलगी. सहावा मी, बीएएमएस दुसऱ्या वर्षात सोडून घरी आलेला. ह्या सगळ्या डॉक्टरकीचा मूळपुरुष खंडूबा, अण्णांचा पणजोबा. दीडशे वर्षांखाली तो तलवाड्याच्या बाजूला वैदकी करायचा. यंदा अण्णांच्या मनात आलं, खंडूबाच्या नावानं घराण्याची पुस्तिका काढायची, मोठा कार्यक्रम घ्यायचा, फोटोचं अनावरण करायचं.

लिहिणार कोण?

"तू लिही," अण्णा मला म्हणाले. "तू रिकामाच हायस."

*

मी कॉलेज सोडलं, तेव्हा घरात एकानंही विचारलं नाही, कावून सोडलंस? सगळ्यांनी तपासलं! पप्पांनी जीभ बघितली, म्हणाले बी-ट्वेल्व्ह कमी असणार. आईनं थायरॉइडसाठी रक्त काढलं. काकांनी 'आ' करायला लावून बॅटरी मारली आणि अक्कलदाढ आडवी येतीय म्हणाले.

रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. मग अण्णांनी शेवटचं निदान केलं, "राजवैद्याच्या घराण्यात असलं पोरगं जन्मत न्हाई. दवाखान्यात अदलाबदल झाली असंल."

"अण्णा, मी तुमच्याच दवाखान्यात जन्मलोय."

पुढचे दोन दिवस मला कुणी तपासलं नाही. लई बरं वाटलं.

*

हा 'राजवैद्य' शब्द म्हणजे आमच्या घरातला चाबूक. गणितात कमी मार्क पडले, राजवैद्य. केस वाढवले, राजवैद्य. म्हणून पुस्तिकेच्या निमित्तानं मी ठरवलं, हा चाबूक कुठून आला ते एकदा बघायचंच.

अण्णा म्हणाले, निजामाचा एक तालुकदार इकडं दौऱ्यावर आलता. त्याला जबर ताप भरला. खंडूबानं तीन पुड्यांत उतरवला, तेव्हापासून राजवैद्य.

काका म्हणाले, तालुकदाराला काही झालं नव्हतं, त्याच्या बेगमेचं पोट दुखत होतं.

शेवटी मी पालीला गेलो. तिथं अण्णांची थोरली बहीण राहते, सोनाआजी. वय पंच्याऐंशी, अजून मेंढरांच्या मागं चालते. तिला दोन्ही किस्से ऐकवले. ती हसून हसून खाली बसली.

"आरं, तालुकदार बी न्हाई अन् बेगम बी न्हाई. तालुकदाराची घोडी व्हती ती! पोट फुगलं व्हतं तिचं."

"मग खंडूबानं माणसं तपासलीच न्हाईत?"

"तपासली की. पर आधी मेंढरं. मेंढरू बरं झालं की मालक म्हणायचा, आता मला बी बघ."

म्हणजे आमचा राजवैद्य मेंढरांचा डॉक्टर! मी पालीहून येताना मोटरसायकलवर एकटाच ओरडत आलो. इतका आनंद मला अॅडमिशन मिळाल्यावरही झाला नव्हता.

*

पप्पांचं मात्र एक सांगायलाच पाहिजे. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि त्यांचा दवाखाना ओस पडतो. मग पप्पा फोनवर पेशंट बघतात.

एकदा फडातून व्हिडिओ कॉल आला. जालिंदर नावाचा पेशंट, हातात कोयता, मागं ऊस. "डॉक्टर, घसा धरलाय," म्हणाला. पप्पांनी जीभ काढायला सांगितली. त्यानं काढली. पप्पांनी गोळी सांगितली. फोन ठेवणार तेवढ्यात स्क्रीनवर दुसरी जीभ आली. मग तिसरी. मग एका बाईनं पदर सावरत जीभ काढली. अख्खी टोळी रांगेत उभी!

"अरे, तुमच्या सगळ्यांना काय होतंय?" पप्पा ओरडले.

जालिंदर म्हणाला, "कायबी न्हाई! रेंज हाय तवर बघून घ्या की!"

पप्पांनी अकरा जिभा तपासल्या. सगळ्या चांगल्या निघाल्या. माणूस म्हणून पप्पा वाईट नाहीत, फक्त बाप म्हणून उपदेश लई करतात.

*

खंडूबाचा फोटो नव्हता. असणार कसा? म्हणून बीडच्या एका पेंटरकडून चित्र काढून घ्यायचं ठरलं. पेंटरनं विचारलं, दिसायचे कसे? अण्णांनी स्वतःचा पासपोर्ट फोटो पाठवला आणि म्हणाले, "नाक हेच धरा." काकांनी आपल्या लग्नातला फोटो पाठवला, मिशीसाठी. पप्पांनी गुपचूप कपाळ पाठवलं!

चित्र आलं. डोक्याला पागोटं, अण्णांचं नाक, काकांची मिशी, पप्पांचं कपाळ. आणि गळ्यात स्टेथोस्कोप.

"ह्यो कावून?" मी विचारलं.

"त्याच्याबिगर डॉक्टर हाय हे कळंल कसं?" अण्णा म्हणाले.

सोनाआजीला मोबाइलवर चित्र दाखवलं. तिनं फोन लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि विचारलं, "ह्यो बँडवाला कोण?"

*

मी पुस्तिकेचं पहिलं पान लिहून अण्णांना दिलं. पहिलंच वाक्य होतं, "आमचा मूळपुरुष मेंढरांचा वैद्य होता."

अण्णांनी लाल पेनानं पान आडवं खोडलं. "मेंढरू ह्या शब्दाला पुस्तकात जागा न्हाई."

"मग माझ्या नावालाही न्हाई," मी म्हणालो. "खोटं असंल तर तुमीच लिहा."

"चार बुकं शिकला असतास तर कळलं असतं, घराण्याची इज्जत काय चीज हाय."

"साठ वर्षं डॉक्टरकी केली, तरी पणजोबाची लाज वाटती तुमाला. काय शिकलात मग?"

आई मधे पडली म्हणून बरं. अण्णा हटले नाहीत, मीही हटलो नाही. कार्यक्रम आठ दिवसांवर आला आणि पुस्तिका कोरी! शेवटी फक्त कव्हर छापून घेतलं आणि एका औषध कंपनीच्या डायरीवर चढवलं. प्रकाशन त्याचंच होणार होतं.

*

कार्यक्रम सकाळी अकराला, गेवराईच्या मंगल कार्यालयात. मागं बॅनर, 'राजवैद्य खंडूबा यांच्या पावन स्मृतीस'. समोर तीनशे माणसं. अण्णा भाषणाला उभे राहिले, कॉलरला माइक लावला, दोन वाक्यं बोलले आणि मटकन खुर्चीत बसले. चेहरा पांढरा, कपाळाला घाम.

घरचे बाकीचे चार डॉक्टर स्टेजवर धावले. मीही धावलो, काही येत नसताना. बीपी झालं, शुगर झाली, शेजारच्या दवाखान्यातून मशीन आणून ईसीजी झाला. सगळं ठीक.

"अण्णा, नेमकं होतंय काय?" पप्पा.

"कसंतरी होतंय."

"कसंतरी म्हणजे? दुखतंय का? जळजळ?"

"तसं न्हाई रे. कसंतरीच."

ह्याच शब्दावरून ह्या माणसानं साठ वर्षं पेशंटला झापलं होतं! पण त्या वेळी मला हसू आलं नाही. आठ दिवसांत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

तेवढ्यात सोनाआजी पायऱ्या चढून वर आली. तिनं चौघांना बाजूला सारलं, अण्णांच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि विचारलं, "किसन्या, मेंढरू असतास तर काय झालं असतं रं?"

खंडूबा पेशंटला हेच विचारायचा म्हणे. मेंढपाळाला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही, मेंढराचं बरोबर सांगता येतं.

अण्णांनी डोळे मिटले. कॉलरचा माइक चालूच होता.

"डावी कूस फुगलीय," अण्णा म्हणाले. "मघापास्नं रवंथ बंद. कळपाच्या मागं मागं राहतंय." मग हळूच म्हणाले, "सकाळी आचाऱ्याकडं जाऊन चोरून बुंदी खाल्लीय."

अख्ख्या हॉलमध्ये ऐकू गेलं.

सोनाआजीनं आचाऱ्याकडून ओवा आणि काळं मीठ मागवलं, तांब्यातल्या कोमट पाण्यात कालवलं. अण्णांनी एक डोळा उघडला.

"आपुन मेंढराला किती पाजायचो गं?"

"अर्धा तांब्या."

अण्णांनी बॅनरकडं बघितलं, चारी डॉक्टरांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"मग मला भरून दे," ते म्हणाले. "मी मेंढा हाय."